बारा डिसेंबरचा पतंग

दरवर्षी १२ डिसेंबर आला की एक वाद ठरल्याप्रमाणे उकरून काढला जातो. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संदेश ज्या पाऱ्याच्या संवेदकाने टिपला, त्याचे मूळ श्रेय जगदीशचंद्र बोसांचे की नाही? दोन्ही पक्ष हिरिरीने भांडतात. त्या दुपारी संदेश खरोखर टिपला गेला होता काय, हा पहिला प्रश्न मात्र कोणालाच सुचत नाही.

पुरावा काय आहे? न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल, झोंबणारा वारा आणि पतंगाला बांधलेली सुमारे १५० मीटर तार. कॉर्नवॉलमधील पोल्धू केंद्राकडून अपेक्षित होते तीन टिंब, म्हणजे मोर्स लिपीतील ‘एस’. ऐकणारे दोघेच: मार्कोनी आणि त्याचा सहायक केम्प. फितीवर नोंद नाही, त्रयस्थ साक्षीदार नाही. आणि कोणते अक्षर येणार, हे दोघांनाही आधीच ठाऊक. पतंग हेलकावे खाई तसे अँटेनाचे गुणधर्म क्षणोक्षणी बदलत, म्हणून ठरावीक तरंगलांबीवर जुळवलेला ग्राहक बाजूला ठेवावा लागला. वातावरणातील खरखर गाळणारी चाळणीच उरली नाही.

त्याहून अडचणीचा साक्षीदार सूर्य. वेळ दुपारी साडेबाराची. पोल्धूलाही अजून मावळायचे होते. त्या प्रक्षेपकाची तरंगलांबी पुढे साधारण ३६६ मीटर सांगितली गेली. अशा लहरी दिवसा आयनांबराच्या खालच्या थरात शोषल्या जातात. रात्री तो थर विरतो आणि वरचे थर त्यांना पृथ्वीकडे परतवतात. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर खुद्द मार्कोनीला हेच आढळले. दिवसा साधारण ११०० किलोमीटरपुढे शांतता, रात्री दुपटीहून अधिक पल्ला. पोल्धू ते सिग्नल हिल अंतर सुमारे ३४०० किलोमीटर आहे!

ठिणगी-प्रक्षेपक अनेक लांबींच्या लहरी एकाच वेळी फेकतो, त्यांतील लघुलहरी पोचल्या असतील, असा बचाव केला जातो. असेलही. पण शक्यतेला नोंद म्हणत नाहीत.

नोंद झाली ती वीस वर्षांनी, आणि हौशी लोकांच्या हातून. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीगने पॉल गॉडली याला स्कॉटलंडमधील आर्ड्रोसनला पाठवले. समुद्राकाठचे ओले शेत आणि त्यात एक तंबू. पतंग नव्हता, होती जमिनीपासून थोड्याच उंचीवर अमेरिकेच्या दिशेने ताणलेली शेकडो फूट तार, म्हणजे बेव्हरेज अँटेना. ही अँटेना संदेश मोठा करत नाही. इतर दिशांचा गोंगाट ती कमी घेते, आणि क्षीण संदेशाला तेवढेच हवे असते. ११-१२ डिसेंबरच्या रात्री कनेटिकटमधील ‘१बीसीजी’ या हौशी केंद्राचा सबंध संदेश सुमारे २३० मीटरवर शब्दशः उतरवला गेला. शेजारी साक्षीदार म्हणून बसला होता मार्कोनीच्याच कंपनीचा निरीक्षक.

नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेआँ देल्वा याने सुमारे ११० मीटरवर अमेरिकी हौशींशी दुतर्फा संभाषण केले. ऑक्टोबर १९२४ मध्ये लंडनच्या मिल हिल शाळेतून अठरा वर्षांच्या सेसिल गॉयडरने थेट न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी संपर्क साधला.

बोसांसाठी भांडणाऱ्यांच्या धाग्यांत गॉयडर कधी दिसत नाही. हाच गॉयडर १९३६ साली भारतात आला आणि ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. देशाचे लघुलहरी प्रक्षेपण त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले.