पंधरा मिनिटांत बाई हजर!

मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत एक नवी सेवा जाहीर केली. मोबाइलवर बटण दाबा, पंधरा मिनिटांत कामाला बाई दारात. केर-फरशी, भांडी, भाजी चिरणं. सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये. सेवेचं नाव 'इन्स्टा मेड्स'. त्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा कंपनीने नाव बदललं, 'इन्स्टा हेल्प'. मोलकरीण म्हणू नका, घरकामगार म्हणा, हे समाजाच्या गळी उतरवायला आपल्याला किती वर्षं लागली! इथे नाव बदलायला काही दिवस पुरले, कारण नावाखेरीज काहीच बदलायचं नव्हतं.

कंपनीचं म्हणणंही ऐकू या. २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की बाईला तासाला १५० ते १८० रुपये मिळतात, महिन्याला १३२ तास भरले तर किमान २० हजारांची हमी, शिवाय विमा. पाच घरं धरून, खाड्याचे पैसे कापून घेऊन राबणाऱ्या बाईला हे आकडे मोठे वाटणारच. वेगळा कप, लिफ्टला बंदी, दिवाळीला जुनी साडी या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचंही काही कारण नाही.

पण सुरुवातीला गिऱ्हाईक ४९ रुपये देत होतं आणि बाईला १५० मिळत होते, तर मधले पैसे कुणाचे? गुंतवणूकदारांचे. ते धर्मादाय म्हणून दिलेले नाहीत, बाजार काबीज करण्यासाठी दिलेले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कंपनीच्या सुमारे १,९०० कोटींच्या शेअरविक्रीला शंभरपटीहून जास्त मागणी आली. उद्या हे पैसे वसूल करायची वेळ आली की दर कुणाचा कापायचा, हे कोण ठरवणार? कंपनीच्या भाषेत ही बाई 'पार्टनर' आहे. असली कसली भागीदारी, जिच्यात दर ठरवताना भागीदाराला विचारतच नाहीत?

याच कंपनीत ब्यूटी पार्लरची कामं करणाऱ्या बायकांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला कार्यालयासमोर धरणं धरलं. कंपनी कमिशन फार कापते, रेटिंगची टांगती तलवार आहे, या त्यांच्या तक्रारी होत्या. डिसेंबरमध्ये त्या पुन्हा बसल्या, तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. २०२३ मध्ये आयडी बंद केल्याविरुद्ध अनेक शहरांत पुन्हा निदर्शनं झाली. आयडी बंद म्हणजे नोकरीवरून काढणंच. फक्त तोंडावर सांगण्याचीही तसदी घ्यावी लागत नाही.

पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कुणाला किती पगार, कुठली मालकीण खाडे कापते, हे बायकांना नळावर, वस्तीत, जाता-येता एकमेकींकडून कळत होतं. एकीला अन्यायाने काढलं तर ते घर दुसरीने धरायचं नाही, असं ठरवता येत होतं. अ‍ॅपवर आधी कोण आली होती, तिचं काय झालं, हे नव्या बाईला कळायची सोयच नाही.

आणि घराघरातल्या पुरुषांचं काय? मालकीण विरुद्ध मोलकरीण या भांडणातून ते आजवर सुटत आले. बाई आली नाही, तर निदान त्या दिवशी तरी 'भांडी कोण घासणार?' हा प्रश्न घरात उठायचा. आता पंधरा मिनिटांत तोही मिटतो.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या अनेकींच्या घरी बाई येते, तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे. महाराष्ट्राचा २००८ चा घरेलू कामगार कायदा कल्याण मंडळापुरता आहे. किमान दर, पगारी रजा, काढण्याआधी नोटीस यांची हमी तो देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितलं. अ‍ॅपवरच्या कामगारांना काढण्याआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी, असा कायदा कर्नाटकाने त्याच वर्षी केला. महाराष्ट्रातल्या घरकामगार बाईला हे सगळं मिळालं पाहिजे, मग ती अ‍ॅपवरून येवो की वस्तीतून. अ‍ॅपवाल्या कंपनीने स्वतःला मालक म्हणवून घेतलं पाहिजे आणि दर ठरवताना संघटनेशी बोललं पाहिजे.

तोवर सुरुवात घरातून करू या. आपल्याकडे येणाऱ्या बाईला आठवड्याची पगारी सुटी द्या, आणि त्या दिवशी भांडी घरातल्या पुरुषांना घासू द्या.