पावसाळ्यातले कपडे आणि कुबट वास

गेल्या श्रावणात मावसबहिणीकडे सुरतेला जाण्याचा योग आला. नंदुरबारहून रेल्वेने उधना आणि तिथून रिक्षाने पर्वत पाटिया. कापड मार्केट आणि लूमच्या कामानिमित्त आपल्या खान्देशातली कितीतरी कुटुंबे सुरतेच्या या बाजूला स्थायिक झाली आहेत. पावसाची झड लागली होती. दोन खोल्यांच्या घरात दोऱ्यांवर कपडेच कपडे, आणि आत पाऊल टाकताच कुबट वास आला.

सहावीतला भाचा शाळेत जायला तयार नव्हता. "मावशी, बाकावर माझ्याजवळ कोणी बसत नाही," तो हळूच म्हणाला. बहिणीचे डोळे भरून आले. "ताई, रोज धुते गं. पावडरही दुप्पट टाकते. अजून काय करू?"

वाचक भगिनींनो, तिच्या कष्टात काहीच कमी नव्हते. हा वास कपडा फार वेळ ओला राहिल्याने येतो. धुतल्यानंतरही कपड्यात घामाचा, तेलकटपणाचा अंश उरतो. ओल मिळाली की त्यावर जीवाणू वाढतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये अशा वासामागचा मोराक्सेला नावाचा जीवाणू दाखवून दिला. तो कोरड्या कपड्यातही तग धरतो. म्हणून इस्त्री केलेल्या शर्टालाही घाम येताच पुन्हा वास सुटतो. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, पण तेलकटपणा धरून ठेवतो. गणवेशाच्या कापडात तेच अधिक असते.

दुप्पट पावडरीने तर उलटेच होते. फेस नीट निघत नाही आणि उरलेला थर मळ धरून ठेवतो. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा चिकट साका त्यात भर घालतो.

मग आम्ही दोघींनी असे केले. गणवेश उलटा करून, कापडाला सोसेल इतक्या गरम पाण्यात, पाकिटावर दिली आहे तेवढीच पावडर आधी विरघळवून, अर्धा तास भिजत घातला. काखा आणि कॉलर हाताने चोळली. स्वच्छ पाण्यात दोनदा खंगाळला. पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबला. बरेचसे पाणी टॉवेलानेच ओढून घेतले. नंतर उलटाच हँगरला लावून, दोन कपड्यांत चार बोटांचे अंतर ठेवून, पंख्याखाली टांगला. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या, नाहीतर ओल घरातच फिरते आणि भिंतींना बुरशी धरते. इस्त्री पूर्ण वाळल्यावरच केली.

रविवारी ढीगभर धुण्यापेक्षा रोज थोडे आणि सकाळीच धुवावे. रात्री धुऊन मशीनमध्ये किंवा बादलीत ओले कपडे ठेवू नयेत.

एक गोष्ट पाहून मात्र माझ्या छातीत धस्स झाले. वाळत घालायची एक तार लोखंडी होती आणि विजेच्या वायरीला टेकत होती. ओल्या कपड्यांच्या तारेत वीज उतरून पावसाळ्यात माणसे दगावतात. ती तार त्याच दिवशी काढून नायलॉनची दोरी बांधली, वायरीपासून दूर. घाई असली तरी गॅसच्या शेगडीवरही कपडे वाळवू नका. वास गेला नाही तर चालेल, जीव जायला नको.

संध्याकाळी बहिणीचे यजमान कामावरून आले. दिवसभर साड्यांच्या घड्या घालणारे हात. तरी ओली बादली उचलून त्यांनीच कपडे नीट अंतरावर टांगले. म्हणाले, "हे उद्यापासून माझ्याकडे."

निघताना भाच्याने शर्टाची बाही नाकाला लावली, हसला, आणि दप्तर घेऊन शाळेकडे पळाला.