शीट नंबर 46 पी/3

“मोबाईल असताना नकाशा कशाला?” गौताळ्याला निघताना हा शहाणा प्रश्न मीच विचारला होता! कन्नडच्या पुढे जंगलात शिरलो, रेंज गेली आणि स्क्रीनवर उरला फक्त एक निळा ठिपका. वर पाऊस, समोर फुगलेला ओढा. मग एका मित्राने सॅकमधून जुन्या टोपोशीटची झेरॉक्स काढली. मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश शीटवर टाकले आणि आमची जागा सापडली. कंटूर जिथे चिकटलेले तिथे कडा, जिथे विरळ तिथे सपाटी. तुटक रेषा म्हणजे पायवाट. तासाभरात वस्तीवर पोहोचलो.

मित्रांनो, हेच कंटूर आपण व्हायव्हापुरते पाठ करतो आणि विसरतो!

सर्व्हे ऑफ इंडिया ही 1767 सालची संस्था. देश मोजायला 1802 मध्ये मद्रासहून निघालेला लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. तेव्हा ना सॅटेलाईट, ना टोटल स्टेशन. साखळी आणि थिओडोलाईट घेऊन माणसं डोंगर चढली. नंतरच्या, एक इंचाला एक मैल मापाच्या शीटवर ओढे, विहिरी, देवळं, पाऊलवाटा सगळं आलं. अर्थात हे नकाशे राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी होते. गावांची नावं साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी! म्हणून डोळे झाकून विश्वास नको; जागेवर जाऊन ताडून बघायला हवं.

आणि इथेच आपलं काम सुरू होतं. गौताळा औट्रमघाट अभयारण्य झालं 1986 मध्ये, क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर. त्याआधीची शीट आणि आजचं सॅटेलाईट चित्र एकावर एक ठेवलं, तर कुठला ओढा बुजला, कुठली विहीर गेली, जंगल कुठे मागे सरलं हे दिसेल. दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्याला ही माहिती नको आहे का?

पूर्वी नकाशे मिळवायला परवानग्यांचं लचांड असे. 2021 मध्ये त्यातली बरीच बंधनं उठली. आता सबब उरली ती फक्त आळसाची.

माझं म्हणणं एवढंच: डिपार्टमेंटच्या कपाटातल्या जुन्या शीट रद्दीत जाण्याआधी स्कॅन करा. फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा एक शीट घ्या, एक डोंगर घ्या आणि चालायला लागा!