दार उघडले, पण कोणासाठी?

सहा हजार कोटी रुपये एखाद्या महामार्गावर खर्च होणार असतील, तर जागा, कंत्राट आणि दर यांवरून संसदेत सभागृह डोक्यावर घेतले जाते. तेवढीच रक्कम संशोधन नियतकालिकांच्या वर्गणीवर खर्च होते, तेव्हा मात्र सभागृहाला तिचे फारसे सोयरसुतक नसते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना अशीच शांतपणे मार्गी लागली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख वाचक असा तिचा पसारा आहे. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राकडे तिची अंमलबजावणी आहे.

या योजनेचे स्वागत करायला हवे. पूर्वी प्रत्येक संस्था आणि प्रत्येक मंत्रालयाचा समूह प्रकाशकांशी स्वतंत्र सौदा करीत असे. ज्याची थैली जड, त्याचे ग्रंथालय समृद्ध. आयआयटीच्या विद्यार्थ्याला एका कळीवर जो शोधनिबंध मिळे, त्याच्या केवळ सारांशावर जिल्ह्याच्या गावातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला समाधान मानावे लागे. आता दोघांना एकच दार उघडले आहे. दरडोई हिशेब केला तर हा खर्च वर्षाला साधारण अकराशे रुपये पडतो. अभियांत्रिकीच्या एका जाडजूड परदेशी पाठ्यग्रंथाची किंमतही त्याहून अधिक असते.

अडचण दाराची नाही, दारावरच्या पाटीची आहे. ही सुविधा केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यापुरती आहे. इतिहास किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही मर्यादा एकवेळ समजून घेता येईल. अभियांत्रिकीत मात्र ती मुळावर येते, कारण या शाखेच्या बहुसंख्य जागा खासगी महाविद्यालयांत आहेत. हे आपोआप घडलेले नाही. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. दक्षिणेतील राज्यांनीही हाच मार्ग धरला. सरकारला स्वतः महाविद्यालये काढणे परवडत नव्हते, म्हणून शासकीय धोरणानेच विद्यार्थ्यांना खासगी संस्थांकडे वळविले. आता ग्रंथालयाची वेळ आली तेव्हा तेच विद्यार्थी परके ठरले आहेत.

ही विसंगती किती टोकाची आहे, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राचेच उदाहरण पुरे. आर्थिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ठरावीक उत्पन्नमर्यादेतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क संपूर्णपणे भरण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. म्हणजे खासगी महाविद्यालयात शिकणाऱ्या अशा मुलीचे शुल्क सार्वजनिक तिजोरीतून जाते; सार्वजनिक पैशाने घेतलेली नियतकालिके मात्र तिला वाचता येत नाहीत. एक सरकार तिला वर्गात बसविते आणि दुसरे ग्रंथालयाबाहेर उभे करते.

यावर नोकरशाहीचे उत्तर तयार असते. खासगी संस्था भरमसाट शुल्क घेतात, मग त्यांच्या वाचनाचा भार करदात्याने का उचलावा? आक्षेप बिनबुडाचा नाही. पण त्याचे उत्तर दार बंद ठेवणे हे नव्हे. २००३ मध्ये केंद्राने आयआयटी दिल्लीत मुख्यालय असलेला ‘इन्डेस्ट’ हा अभियांत्रिकी ग्रंथालयांचा समूह उभारला, तेव्हा प्रमुख संस्थांचा खर्च मंत्रालय उचलत असे, तर इतर महाविद्यालयांना स्वतःचे पैसे भरून समूहाच्या सवलतीच्या दरात सहभागी होता येत असे. तोच मार्ग आज राष्ट्रीय पातळीवर घेता येईल. संस्थांनी पैसे भरावेत. पण भाव देशाचा असावा, एकट्या महाविद्यालयाच्या दुबळ्या सौदाशक्तीचा नसावा.

दार बंद राहिले की विद्यार्थी भिंतीवरून उड्या मारतात, हा अनुभव आहेच. परदेशी प्रकाशकांनी २०२० मध्ये दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘साय-हब’ हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याचे काम कायद्याने केले. परंतु चोरवाट बुजविताना राजमार्ग खुला करण्याची जबाबदारी सरकारचीच होती.

शिवाय केवळ संकेतशब्द हाती देणे म्हणजे संशोधनास साह्य नव्हे. अभियंत्याला नियतकालिकांइतकीच मानके, एकस्वे आणि पाठ्यग्रंथ लागतात. ही योजना मुख्यतः नियतकालिकांची आहे. कोणत्या विषयाचे पूर्वसंशोधन कोठे शोधावे, ‘शोधगंगा’वर कोणते प्रबंध आहेत, निबंधाची विनामूल्य अधिकृत प्रत कोठे मिळते, बनावट नियतकालिक कसे ओळखावे, हे सांगणारा प्रशिक्षित ग्रंथपाल नसेल, तर १३ हजार नियतकालिके पडद्यावरची शोभाच ठरतील. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपाल हा आजही पुस्तकांची मोजदाद करणारा कारकूनच समजला जातो.

२०२७ च्या अखेरीस या योजनेची मुदत संपेल. प्रकाशकांशी नव्याने वाटाघाटी करण्यापूर्वी शिक्षण खात्याच्या संसदीय स्थायी समितीने तीन प्रश्न विचारावेत. सध्याच्या वर्गणीचा वापर कोणत्या संस्थांनी किती केला? खासगी महाविद्यालयांना राष्ट्रीय दरात सामावून घेण्याची अट करारात का असू नये? आणि सार्वजनिक निधीतून झालेल्या भारतीय संशोधनाची प्रत सर्वांना खुली ठेवण्याचे जे धोरण विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये जाहीर केले, त्याची सांगड या सौद्याशी कशी घालणार?

मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मंजूर करण्याची सवय जडलेल्या संसदेला हे प्रश्न किरकोळ वाटतील. पण उद्याचे पूल, धरणे आणि वीजकेंद्रे ज्यांच्या हाती जाणार आहेत, त्यांतील बहुसंख्य आज त्या पाटीच्या बाहेर उभे आहेत. ज्ञानाचा पुरवठा करताना विद्यार्थ्याची गरज पाहायची की त्याच्या महाविद्यालयाचा मालक, याचा निर्णय मुदत संपण्यापूर्वीच झाला पाहिजे.