खान नावाचा व्हेरिएबल

मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये, ऐन गणपतीत, अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल झाली. विधानसभेचं मतदान १३ ऑक्टोबरला. झालं, प्रचाराला आयता मसाला! जणू ती लढाई दोन जमातींचीच होती.

च्यायला, इतिहास तरी वाचा! १६५९ साली प्रतापगडाखाली खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर कुलकर्णी, आणि महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. लढाई राज्यांची होती, रक्ताची नव्हे.

२०१४ च्या प्रचारात तर उद्धव ठाकरेंनी भाजपवाल्यांनाच अफझलखानाची फौज म्हटलं. म्हणजे खान हा निव्वळ व्हेरिएबल. हवी ती व्हॅल्यू टाका, मतं काढा. संचारबंदीत चूल विझते ती रोजंदारीवाल्याची.

असो. पुढचा उमेदवार खानाला घेऊन दारात आला, की त्याला जतच्या पाण्याचं विचारा!