लंगडणाऱ्या कुत्र्याचा खांदा कोण तपासणार?

पोस्ट जरा लांब आहे, पण घरात छोटं कुत्रं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमचा चिकू, पाच किलोचा पॉमेरियन. गेल्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. पोरांनी पुढचे दोन्ही पाय धरून त्याला उचललं, नाचवलं. तो एकदाच केकाटला. दुसऱ्या दिवसापासून पुढचा उजवा पाय उचलून चालायला लागला. आम्ही पंजात काटा शोधला, तेल चोळलं. मग इंजेक्शनं झाली. दोन दिवस बरं, की परत लंगडणं. एक्स-रे काढला, तर म्हणे हाड मोडलेलं नाही. या सगळ्यात तीन महिने गेले.

शेवटी मिरजोळ्यातून गाडी करून मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी त्याला गुंगीचं औषध दिलं, पाय बाहेरच्या बाजूला उघडला आणि कोन मोजला. चांगला खांदा साधारण ३० अंश उघडतो, सैल झालेला ५० च्या आसपास जातो. चिकूचा खांदा सैल होता. साध्या एक्स-रेत हे कधी कधी दिसतच नाही, हे तेव्हा कळलं.

कुत्र्याच्या खांद्याची वाटी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात जागेवर राहतो तो अस्थिबंध, सांध्याचं वेष्टन आणि स्नायू यांच्या जोरावर. ते ताणले किंवा तुटले की छोट्या कुत्र्यांत गोळा बहुतेक वेळा आतल्या बाजूला सरकतो. दुखापत ताजी असेल तर भूल देऊन सांधा बसवतात आणि पाय छातीशी बांधून ठेवतात. तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन. दंडाच्या स्नायूची दोरी जागा बदलून आतल्या बाजूने आधाराला बसवतात, किंवा मजबूत कृत्रिम धाग्याने सांधा बांधतात. पण वाटीच झिजली असेल, किंवा जन्मतः सपाट असेल, तर बांधून काय टिकणार? मग पट्टी आणि स्क्रू लावून सांधा कायमचा जखडतात.

चिकूचं तेच झालं. "लवकर आणला असतात तर..." एवढंच डॉक्टर म्हणाले.

तुम्हाला रतन टाटांची गोष्ट ठाऊक असेल. आपल्या कुत्र्याच्या सांध्यासाठी ते त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात घेऊन गेले होते. पण उशीर झाला होता आणि तिथेही सांधा जखडावा लागला. हे त्यांनीच सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी मुंबईत महालक्ष्मीला प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल उभं केलं, ते २०२४ मध्ये सुरू झालं. टाटांना उशीर होतो, तिथे आपलं काय घेऊन बसलात!

आता काही जण म्हणतील, इथे माणसांना डॉक्टर मिळत नाहीत आणि तुम्हाला कुत्र्याचं पडलंय. प्रश्न रास्त आहे. पण मी रत्नागिरीत टाटांसारखं हॉस्पिटल मागत नाहीये. ऑपरेशन मुंबईत होऊ दे, निदान तरी इथे व्हावं. जिल्ह्याच्या सरकारी पशुदवाखान्यात महिन्यातून एक दिवस हाडा-सांध्यांचा जाणकार सर्जन बसावा. परळला आणि शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथून माणूस येऊ शकतो. एक्स-रे मशीन आणि भूल द्यायची सोय काय फक्त कुत्र्यांच्या उपयोगाची? पाय मोडलेली शेळी आणि पाडसूही त्याच टेबलावर येतात.

आणि आपण काय करायचं? कुत्र्याला पुढचे पाय धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागे. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, ब्रुफेन नाही की डायक्लोफिनॅक नाही, अजिबात देऊ नका, जिवावर बेततं. आठवडाभर लंगडत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "खांदा तपासलात का?" जन्मतः खांदा सरकणाऱ्या कुत्र्यांची पिल्लं काढून विकू नका. आणि ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं नाही. पुढे सहा ते आठ आठवडे पट्ट्यावरच चालवायचं, उड्या बंद. ते जमणार नसेल तर पैसे फुकट.

चिकू आता चालतो. खांदा ताठ आहे, पण दुखत नाही. खळ्यात उतरायच्या चिऱ्याच्या दोन पायऱ्या मात्र त्याला जमत नाहीत. पायरीवर येतो आणि कोणी उचलेल म्हणून मागे वळून बघत उभा राहतो. तेव्हा ते तीन महिने आठवतात.

येत्या ग्रामसभेत मी या मागणीचा अर्ज देणार आहे. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर कमेंटमध्ये लिहा, अर्जाला जोड मिळेल. आणि सह्यांना या. आपल्या माणसांपर्यंत पोस्ट पोचवा.