मेन्टेनन्स फ्री

जिते म्हटलं की ऑफिसात हमखास प्रश्न येतो, "जिथे काय?" फोनचा कीबोर्डसुद्धा जितेचं जिथे करून टाकतो. म्हणून आधीच सांगतो, जिते हे गाव आहे. पेण तालुक्यात, मुंबई-गोवा हायवेला लागून, आणि दिवा-रोहा लाईनवर आपटा आणि हमरापूरच्या मधलं स्टेशन. माझे आई-बाबा तिथे राहतात. माझी जुनी हॅचबॅकही तिथेच राहते. मी पुण्यात नवीन गाडी घेतली तेव्हा "तुम्हाला अडीअडचणीला बरी" म्हणून ती बाबांना दिली होती.

तर झालं असं की गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री दोनच्या सुमाराला आईला श्वास लागला. बाबांनी तिला गाडीत बसवलं, किल्ली फिरवली आणि गाडीतून आवाज आला, टक् टक् टक् टक्. बस्स. सेल्फ फिरलाच नाही. अडीअडचण आली आणि गाडी नाही म्हणाली.

बाहेर धो धो पाऊस, अंगणात चिखल, आणि बाबा सत्तरीचे. धक्का मारणार कोण? शेवटी शेजारच्या काकांना उठवलं. ते हमरापूरच्या गणपती कारखान्यांची भाडी मारतात. त्यांचा टेम्पो आदल्या संध्याकाळीच भरून उभा होता. मागे रंग न दिलेले गणपती, पुढे आई आणि बाबा, असे ते पेणला पोचले. वेळेवर पोचले, आई आज ठणठणीत आहे. पण त्या रात्रीचा तो फोन मी विसरू शकत नाही. बाबा रागावले वगैरे अजिबात नव्हते. फक्त म्हणाले, "अरे, बॅटरी बसली बहुतेक."

बॅटरी बसली नव्हती, ती मी बसवली होती. दोन्ही अर्थांनी. कसं ते सांगतो.

बाबा एसटीच्या पेण आगारातून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाले. त्यांचं अर्धं आयुष्य बॅटऱ्यांत गेलंय. गाडी त्यांच्याकडे गेली तेव्हा तिच्यात पाणी घालायची जुनी बॅटरी होती. दर रविवारी बाबा बॉनेट उघडायचे, सहा झाकणं काढायची, हायड्रोमीटरने एकेक सेल ओढून बघायचे, लागलं तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे (डिस्टिल्डच. नळाचं नाही, आरओचं नाही, आणि पावसाचं "एकदम शुद्ध" पाणी तर मुळीच नाही, असं ते शेजाऱ्यांनाही ऐकवायचे). मला ते सगळं पाषाणयुगातलं वाटायचं. ती बॅटरी संपल्यावर मी पुण्यातून ऑनलाईन नवी मागवली. सीलबंद, मेन्टेनन्स फ्री, वर गोल हिरवा डोळा. बाबांना म्हटलं, आता तुम्हाला काही करायला नको.

आणि बाबांनी खरंच काही केलं नाही. झाकणंच नव्हती तर उघडणार काय? साडेतीन वर्षं त्या बॅटरीकडे कोणी ढुंकून बघितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेन्टेनन्स फ्री हे शब्द बॅटरीवर छापायला बंदी घालावी. "पाणी घालावे लागत नाही" असं छापा, ते खरं आहे. आत रसायनशास्त्र तेच आहे, शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड. फ्रान्सच्या गास्तों प्लान्तेने १८५९ साली केलं तेच. चार्ज उतरला की प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलंत तर ते परत विरघळतं. तशीच आठवडेच्या आठवडे पडू दिलीत तर त्याचे कडक खडे होतात आणि तेवढा प्लेटचा भाग कायमचा गेला. सीलबंद असो नाहीतर झाकणाची, यातून सुटका नाही. आणि तो हिरवा डोळा? तो सहापैकी एकाच सेलमध्ये बघतो. बाकीच्या पाचांत काय चाललंय त्याला पत्ता नसतो. आमच्याकडे याला टेस्ट कव्हरेज सतरा टक्के म्हणतात.

आता माझं दुसरं पाप. गाडी जित्याला, आई-बाबा एकटे, म्हणून मी तिच्यात जीपीएस ट्रॅकर बसवला होता. स्वतः, एका वीकेंडला, यूट्यूब बघून. वायर थेट बॅटरीला. फार हुशारी वाटली होती तेव्हा. त्या रात्रीनंतर जित्याला गेलो तेव्हा मल्टीमीटर लावून मोजलं. गाडी लॉक करून सगळं झोपी गेल्यावर गाडीचं स्वतःचं (घड्याळ, लॉक, ईसीयू) साधारण ३० मिलीअँपिअर. ते ठीकच आहे, ५० पर्यंत काळजी नसते. ट्रॅकरचे वरती ४५. एकूण ७५.

७५ मिलीअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. गुणाकार करून बघा. दिवसाला १.८ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. म्हणजे एकोणीस-वीस दिवसांत नव्याकोऱ्या बॅटरीचासुद्धा खडखडाट. आणि पावसामुळे गाडी सोळा दिवस जागची हलली नव्हती. त्या आधीही असं किती वेळा झालं असेल, देव जाणे. दर वेळी थोडे खडे, थोडी प्लेट कायमची कमी.

याउलट गाडी सुरू करायला काय लागतं? छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, पण दोनेक सेकंदच. हिशोब केला तर ०.१ अँपिअर-अवरच्या आसपास. म्हणजे माझा ट्रॅकर एका दिवसात किमान दहा स्टार्टइतकी वीज खात होता, चुपचाप.

सगळ्यात वाईट पुढे आहे. ट्रॅकरच्या ॲपमध्ये खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात बॅटरीचं व्होल्टेज दिसतं. मी मागे जाऊन बघितलं. त्या रात्रीच्या चार दिवस आधी ११.९, आदल्या दिवशी ११.६. मी रोज ॲप उघडून "गाडी जित्याला आहे" एवढं बघत होतो. गाडी जित्याला नसून जाणार कुठे होती? मी नोकरी करतो ती लोकांचे सर्व्हर पडायच्या आधी ओरडणारी सिस्टिम बांधायची. असो.

व्होल्टेजचे आकडे पाठ करण्यासारखे आहेत. चार-पाचच आहेत. सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, बॅटरी रात्रभर निवांत असताना मोजायचं. १२.६ किंवा वर म्हणजे पोट भरलेलं. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आणि इथेच उठायचं, लांब चक्कर मारायची किंवा चार्जर लावायचा. १२ च्या खाली म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी, तुम्ही उधारीवर आहात. मग गाडी सुरू करून परत मोजा. साडेतेरा ते साडेचौदा दिसलं तर अल्टरनेटर (बाबांच्या भाषेत डायनामो) काम करतोय. आणि सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर नवी बॅटरी बघायला लागा. आमची आधी चार्जरवर रात्रभर लावली. सकाळी १२.३ दाखवलं, मला वाटलं वाचली. सेल्फ मारला तर सरळ आठवर आली. बाबा म्हणाले, "चेहऱ्यावर जाऊ नको, वजन टाकून बघ."

मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. तुमच्या बुटांच्या किमतीत चार येतील.

बॅटरी घ्यायला बाबांबरोबर पेणला गेलो, आणि ती दुकानातली वीस मिनिटं माझ्या शिक्षणातली मोठी गोष्ट. दुकानदाराने समोरचीच उचलून दिली. बाबांनी पहिल्यांदा तिच्यावरचा तयार झाल्याचा महिना शोधला. आठ महिने जुनी. बॅटरी नुसती फळीवर ठेवली तरी दर महिन्याला थोडी थोडी उतरते, आणि कोणी मध्ये चार्ज केली नसेल तर खडे तिथेच सुरू. "आतली दाखवा." आतली दोन महिन्यांची निघाली. मग मीटर लावला, १२.६. "ही चालेल." मी ऑनलाईन घेतली होती तेव्हा यातलं काय विचारलं होतं? स्टार किती आहेत ते.

मग वॉरंटी. मी ४८ महिन्यांवर खूष होतो. बाबांनी कार्डावरची बारीक अक्षरं वाचायला लावली. २४ महिने फुकट बदलून मिळणार, पुढचे २४ प्रो-रेटा, म्हणजे नव्या बॅटरीवर काही टक्के सूट. शेवटच्या महिन्यांत ही सूट इतकी थोडी असते की तिच्यासाठी भांडायलाही जाऊ नये. पहिला आकडा बघा, बेरीज नाही. आणि कार्डावर शिक्का आणि विक्रीची तारीख मारून घ्या.

दुकानदाराने ३५ ऐवजी ४५ ची सुचवली, "मोठी बरी." थोडी मोठी घेतल्याने गाडीला अपाय होत नाही, पण ट्रेमध्ये बसली पाहिजे, क्लॅम्प लागला पाहिजे, आणि प्लस-मायनस त्याच बाजूला हवेत (बॅटरीच्या नंबराच्या शेवटी एल किंवा आर असतो तो याचसाठी. उलटी आणलीत तर वायर पोचत नाही). गळक्या टाकीखाली मोठी बादली ठेवण्यात मात्र अर्थ नाही. आम्ही ३५ चीच घेतली आणि ट्रॅकर काढून टाकला. तुमची गाडी सिग्नलला आपोआप बंद होणारी असेल तर तिच्यात ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी असते. तिथे तीच जात घाला, साधी घालून पैसे वाचवू नका.

बाबांची इच्छा परत झाकणवाली घ्यायची होती. तिथे मी ऐकलं नाही. झाकणवाली पाणी मागते, तिची वाफ टर्मिनल खाते, आणि बाबांनी पंचाहत्तरीत ॲसिडशी खेळावं असं मला वाटत नाही. सीलबंदच आणली. बाबा येताना गाडीत गप्प होते. मला वाटतं त्यांना बॅटरीचं नाही, रविवारचं वाईट वाटत होतं.

जुनी दुकानातच दिली, आणि हे जरा आग्रहाने सांगतो. भंगारवाला कधी कधी दुकानापेक्षा दोन पैसे जास्त देतो, कारण बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. पण ते शिसं कुठेतरी उघड्यावर भट्टीत वितळवलं जातं, ॲसिड नाल्यात जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात धोक्याइतकं शिसं आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण अशा भट्ट्या. २००१ पासून आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या परत घ्यायचा नियम आहे, २०२२ मध्ये नवा, जास्त कडक आला. दोन पैशांसाठी त्याला बगल देऊ नका.

बसवताना बाबांनी दहा नंबरचा पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभे राहिले. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. उलटं केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर काय होतं ते बाबांनी मनगटावरचा एक जुना डाग दाखवून समजावलं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली होती (खाडीकडची खारी हवा, दुसरं काय), ती खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, कोरडी केली, घट्ट आवळून वर व्हॅसलिनचा हात फिरवला. टर्मिनल हाताने हलता कामा नये. निम्म्या "बॅटरी गेली" या तक्रारी तिथेच असतात असं बाबांचं मत आहे, आणि आगारातल्या अनुभवाशी वाद घालायला माझ्याकडे डेटा नाही.

आणि मीटर मी जित्यालाच ठेवून आलो. आता दर रविवारी सकाळी चहाच्या आधी बाबा बॉनेट उघडतात, दोन टोकं लावतात आणि मला आकडा पाठवतात. नुसता आकडा, बाकी काही नाही. १२.६१. १२.५७. मे महिन्यात एकदा १२.४० आला आणि मी फोन करायच्या आत त्यांचाच दुसरा मेसेज आला, "नागोठण्यापर्यंत जाऊन येतो." पावसाळ्यात तर आठवड्यातून दोनदा पाठवतात.

आजचा १२.५९ आहे. खाली आईने लिहिलंय की येताना पेणहून तिचं औषध आणलं आणि बाबांनी परत गाडी मुद्दाम लांबच्या रस्त्याने आणली.